कोकणातील नद्यांच्या खोऱ्यांतून, वाहनांच्या वर्दळीविना सायकल-भ्रमंती : मार्ग सुचवावेत

खाडीकाठ

कोकणात सायकलने फिरायचे ठरले की बहुतेक मंडळी रेवसहून रेड्डीकडे जाणारा सागरी मार्ग धरतात. तो सुंदर आहे यात शंका नाही. पण सुट्टीच्या दिवसांतली पर्यटकांच्या मोटारींची रांग, अरुंद वळणांवर मागून येणारे हॉर्न आणि प्रत्येक खाडीपाशी सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, खाली उतरून पुन्हा सडा चढणे, या तिन्हींमुळे सामान लादलेल्या सायकलीवर त्या मार्गाचा आनंद निम्मा होतो. राष्ट्रीय महामार्ग 66 वर तर कुटुंबाला घेऊन जाण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

म्हणून मी नकाशा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली आपली पट्टी जेमतेम 50 किलोमीटर रुंदीची आहे. तिच्यातून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड, कर्ली या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतात. दक्षिणोत्तर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला या नद्या ओलांडाव्या लागतात, त्यामुळे चढउतार त्याच्या वाट्याला येतात आणि वाहतूकही त्यालाच मिळते. नदीला समांतर जाणारे रस्ते मात्र वाड्यावस्त्यांपुरते आहेत. तिथून एसटी जाते, एखादी रिक्षा जाते, आणि मग बराच वेळ काहीच जात नाही. कोकण उभे फिरण्याऐवजी आडवे फिरावे, एकेक खोरे मुखापासून पायथ्यापर्यंत पाहावे, असे माझे मत होत चालले आहे.

डिसेंबरमध्ये मी, पत्नी आणि आमची चौदा वर्षांची मुलगी असे तिघे निघणार आहोत. सायकलींना मागे दोन्ही बाजूंनी पिशव्या असतील. दिवसाला 40 किलोमीटरपेक्षा जास्त जायचे नाही, मार्गाच्या एका टोकाजवळ रेल्वे स्थानक असावे, चढ असला तरी चालेल, पण मुलगी निर्धास्तपणे पुढे जाऊ शकेल असा रस्ता हवा. कोणते खोरे निवडावे?

तिठा

शास्त्री नदीचे खोरे. माझे उत्तर ठाम आहे.

संगमेश्वरला उतरावे. महामार्गाचा थोडा तुकडा टाळता येत नाही, तो भल्या सकाळी उरकावा. कसब्याचे कर्णेश्वर मंदिर पाहावे आणि मग पश्चिमेकडे डिंगणी, फुणगूसच्या दिशेने निघावे. फुणगूस हे खाडीवरचे जुने बंदर आहे. एके काळी गलबते इथपर्यंत येत आणि पुढचा माल बैलांच्या पाठीवरून घाटाकडे जात असे. आज तिथे कमालीची शांतता आहे. रस्ता कधी खाडीच्या पातळीवर असतो, कधी डोंगराच्या कुशीत शिरतो आणि मधूनमधून कांदळवनापलीकडचे पाणी दिसत राहते.

एकच पथ्य पाळावे. निवळी ते जयगड हा रस्ता बंदराकडे जाणाऱ्या अवजड वाहनांचा आहे, तिकडे कुटुंबाला घेऊन जाऊ नये. जयगड पाहायचेच असेल तर गुहागरच्या बाजूने तवसाळला यावे आणि फेरीबोटीने पलीकडे जावे. त्या बाजूच्या गावांतून वाहने फार कमी असतात.

दर्याफिरस्ता

सागरी मार्गाविषयी इतके कठोर मत मला मान्य नाही. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी साडेसहा ते दहा या वेळेत, तो मार्गही शांत असतो. शिवाय त्याच्यासारख्या फेरीबोटी दुसरीकडे कुठे आहेत? आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ या प्रत्येक ठिकाणी सायकल बोटीवर चढते, पाय मोकळे होतात आणि मुलांना त्याची फार मौज वाटते. वर्दळ वाराची आणि वेळेची असते, हे लक्षात घेतले तर निम्मे कोकण सायकलसाठी मोकळे आहे.

खाडीकाठ

@दर्याफिरस्ता, वेळेचा मुद्दा मान्य आहे. परंतु साडेसहा ते दहा या वेळेत चौदा वर्षांच्या मुलीसह 40 किलोमीटर होत नाहीत आणि दहानंतरचे अंतर कुठे तरी काढावेच लागते. फेरीबोटीची कल्पना मात्र मी नक्की घेणार आहे.

माहेरवाशीण

दादा, मुलगी बरोबर असेल तर कर्लीचे खोरे घ्या. माझे माहेर तिथले आहे म्हणून सांगत नाही. उत्तरेकडच्या खोऱ्यांमध्ये डोंगर थेट पाण्यात उतरतात. आमच्याकडे कुडाळपासून खालच्या बाजूला नदी ऐसपैस होते, दोन्ही तीरांवर माडांच्या बागा आणि भातशेतीचे मळे आहेत आणि रस्ता बराच वेळ सपाट राहतो.

कुडाळ स्थानकावरून नेरूर आणि तिथून वालावल. वालावलला लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे आणि मंदिराला लागूनच तळे आहे. तिथे दुपार काढावी अशी सावली आहे. पुढे चेंदवण, कवठी या गावांकडे रस्ता खाडीच्या सोबतीने जातो. परत येऊन नेरूरपारच्या पुलावरून पलीकडच्या तीरावर गेले की काळसे आणि धामापूर लागते. धामापूरचा तलाव 1530 सालचा आहे. त्याला 2020 मध्ये सिंचन क्षेत्रातील जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे मंदिर आहे आणि मागे घनदाट झाडी आहे. धामापूरहून मालवणच्या बाजूला निघता येते.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. खाडीत वाळूचा उपसा सुरू असला की त्या काळात याच शांत रस्त्यांवर डंपर धावतात आणि ते सायकलवाल्यासाठी थांबत नाहीत. गावात कुणालाही विचारले तरी उपसा चालू आहे की बंद, ते लगेच सांगतात.

सुरंगी

नेरूरपारच्या पुलावर वर्दळ किती असते?

माहेरवाशीण

@सुरंगी, कुडाळ ते मालवण जाणारी वाहने तिथून जातात, त्यामुळे पूल आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा थोडा भाग गजबजलेला असतो. तेवढा पट्टा एका रांगेत, कडेने पार करावा. धामापूरच्या तलावाकडे वळले की पुन्हा शांतता मिळते.

परदेशस्थ

मी काही वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथे इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरून वाय नावाची नदी वाहते. तिचे खोरे आपल्या खोऱ्यांसारखेच डोंगराळ, वळणावळणाचे आणि शेतीचे आहे. तिथल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा एक भाग 2021 मध्ये सायकली आणि पादचाऱ्यांसाठी खुला झाला. त्यावर एक किलोमीटरहून लांब बोगदा आहे आणि त्यात वटवाघळे विसावतात म्हणून तो हिवाळ्यात बंद ठेवला जातो. युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा मार्ग आहे. त्याचा बराच भाग पूर्वी घोडे ज्या वाटेने होड्या ओढून नेत असत त्या वाटेवरून जातो. त्या वाटेवर मोटारी फारशा दिसत नाहीत. आपल्याकडे असे का होऊ नये? वाशिष्ठीच्या काठाने चिपळूण ते दाभोळ असा मार्ग कोणी बांधला तर देशभरातून लोक येतील.

पाटबंधारे

@परदेशस्थ, तुमची तळमळ समजते. मी निवृत्त अभियंता आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तिकडे सायकलींना मिळालेली सपाट वाट आधी दुसऱ्या कामासाठी तयार झालेली होती. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून तिच्यासाठी भराव, खोदाई आणि बोगदे झाले होते. रेल्वे बंद झाल्यावर ती सारी मेहनत सायकलींच्या कामी आली. आपल्या कोकणात बंद पडलेला रेल्वेमार्गच नाही. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण लांबीने सुरू झाली, ती रोज धावते आहे आणि ती नद्यांना समांतर न जाता त्यांना छेदून जाते. घोड्यांनी होड्या ओढायच्या वाटाही आपल्याकडे नव्हत्या, कारण खाडीत भरती-ओहोटी आहे. होडी भरतीबरोबर वर जायची आणि ओहोटीबरोबर खाली यायची. खाडीकाठाने सलग रस्ता नसण्याचे कारणही हेच आहे. माणसे आणि माल पाण्यावरून जात असल्यामुळे काठाने रस्ता करण्याची गरज कोणाला भासली नाही. पुढे रस्ते झाले ते प्रत्येक गावाला वरच्या मुख्य रस्त्याशी जोडणारे झाले. गाव ते गाव असे, पाण्याच्या कडेने, ते फारसे झालेच नाहीत.

आपल्याकडे रेल्वेच्या भरावाइतकी सपाट अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे कालव्याची सेवावाट. कालव्यातले पाणी स्वतःच्या वजनाने वाहायला हवे, म्हणून कालवा डोंगराच्या समपातळीला धरून अत्यंत मंद उताराने नेलेला असतो. त्याच्या बाजूने देखभालीसाठी कच्ची किंवा मुरमाची वाट असते. रोह्याजवळ कुंडलिकेवर डोलवहालचा बंधारा आहे आणि त्याचे कालवे आहेत. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी त्या नदीला मिळते. दक्षिणेला दोडामार्ग तालुक्यात तिलारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे, त्याचे कालवे गोव्यापर्यंत जातात. अशा वाटांवर वाहने जवळजवळ नसतात.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या वाटा सार्वजनिक रस्ते नाहीत, त्या खात्याच्या मालकीच्या आहेत आणि स्थानिक शाखा कार्यालयात विचारून जाणेच योग्य ठरते. दुसरे, कालव्याला अस्तर असेल तर त्याच्या बाजू गुळगुळीत असतात आणि आत पडलेल्या माणसाला सहज वर येता येत नाही, म्हणून मुलांना कालव्याच्या बाजूने चालवू नये. तिसरे, दोडामार्ग भागात 2002 पासून रानटी हत्तींचा वावर आहे. तिलारीच्या बाजूला पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाऊ नये आणि वनखात्याच्या सूचना असतील तर त्या दिवशी बेतच रद्द करावा.

खारेपाटकर

पाटबंधारे साहेबांनी कालवे सांगितले, मी खारबंदिस्तीचे बांध सांगतो. अलिबाग, पेणच्या खारेपाटात भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत आणि पावसाचे पाणी बाहेर सोडायला ठिकठिकाणी उघाड्या आहेत. बांधावर मोटार चढत नाही. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला शेत आणि हिवाळ्यात पाणपक्षी, असा तो देखावा असतो.

तरीही मी कोणाला सामानासह बांधावर जायला सांगणार नाही. बांधाचा माथा अरुंद असतो. खेकड्यांच्या बिळांनी तो आतून पोखरलेला असतो आणि उधाणाच्या वेळी त्याच जागी खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात घुसते आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षे भात नीट येत नाही. बांधाची चाकोरी झाली तर तिचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो. पायी जावे, सायकल हाताने न्यावी आणि तेही कोरड्या दिवसांत व शेतकऱ्याला विचारून.

सातवीण

सगळे प्रतिसाद वाचले. मला वाटते, मूळ प्रश्नाचे उत्तर कुठल्या एका खोऱ्यापेक्षा रस्ते शोधण्याच्या पद्धतीत आहे. वाहनांपासून मुक्त असा सलग मार्ग कोकणात कोणी बांधून ठेवलेला नाही, पण त्याचे तुकडे मात्र जागोजाग पडलेले आहेत आणि ते जोडणारी वस्तू आपण सारे लहानपणापासून पाहत आलो आहोत. ती म्हणजे साकव, ओढ्या-नदीवरचा पायी जाण्याचा अरुंद पूल.

नदीच्या अलीकडे एक गाव असते, तिथे एसटी येते आणि परत फिरते. पलीकडच्या गावातही एसटी दुसऱ्या रस्त्याने येते आणि परत फिरते. मोटारीने या गावातून त्या गावात जायचे तर मुख्य रस्त्यापर्यंत मागे जाऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. माणसे मात्र मधल्या साकवावरून दहा मिनिटांत पलीकडे जातात. साकवावरून मोटार जात नाही, सायकल जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर फक्त त्या त्या गावाची वाहने येतात, वाटसरू वाहन एकही नसते. एसटीचा शेवटचा थांबा ते पलीकडच्या एसटीचा शेवटचा थांबा असे दुवे जोडत गेलात की अख्खा दिवस वर्दळीविना जातो.

मी लांजा तालुक्यात अशीच फिरते. मुचकुंदी विशाळगडाजवळच्या माचाळच्या बाजूला उगम पावते आणि पूर्णगडला समुद्राला मिळते. मधे साटवलीला जुनी गढी आहे आणि तेही एके काळी खाडीवरचे बंदर होते. या खोऱ्यात वरच्या अंगाला नदी लहान आहे, वाड्या दोन्ही काठांना आहेत आणि त्यांचे एकमेकींकडे रोजचे जाणे-येणे आहे. उपग्रहाच्या नकाशावर दोन्ही काठांना येऊन थांबणारे रस्ते शोधायचे, मग संबंधित ग्रामपंचायतीत फोन करून साकव शाबूत आहे का ते विचारायचे. हे विचारणे अत्यावश्यक आहे. लोखंडी साकव गंजतात, पावसाळ्यात वाहून जातात, आणि ज्या वर्षी साकवाच्या जागी मोठा पूल होतो त्या वर्षापासून तिथे डंपर आणि मोटारी सुरू होतात. नकाशावर यातले काहीही कळत नाही. वस्तीच्या एसटीचे चालक-वाहक रात्री गावात मुक्कामाला असतात, त्यांना मात्र इत्थंभूत माहिती असते. त्यांच्यासारखा मार्गदर्शक नाही.

तिठा

@सातवीण, ही पद्धत मला मनापासून पटली. त्यात पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, भर घालतो. साकवाच्या दोन्ही टोकांना बहुधा जांभ्या दगडाच्या पायऱ्या असतात. पिशव्या आधी उतरवून न्याव्यात, मग सायकल खांद्यावर घ्यावी. नोव्हेंबरपर्यंत त्या पायऱ्यांवर शेवाळ टिकते आणि सायकलच्या बुटांनी पाय सरकतो. साधी चप्पल किंवा रबरी तळव्याचा बूट वापरावा. तिघांमध्ये सामान कमीत कमी ठेवले तर अशा पायऱ्यांचा त्रास होत नाही.

बागायतदार

या धाग्यावर सगळे उत्साहाने लिहीत आहेत, त्यांना दुखवायचे नाही, परंतु आमची बाजूही ऐकावी.

ज्यांना तुम्ही वाटा म्हणता, त्यांपैकी अनेक आमच्या आवारातून जातात. शेजाऱ्याला, गुराख्याला, देवळात जाणाऱ्याला आम्ही कधी अडवत नाही. पण एखाद्याने मोबाइलवर नोंदवलेली वाट सर्वांसाठी प्रसिद्ध केली की ओळख ना पाळख असे गट बागेतून जाऊ लागतात. डिसेंबरात कलमांना मोहोर येतो, फवारण्या चालू असतात, त्या औषधाच्या वासात मुलांना घेऊन फिरणे बरे नाही. पुढे आंबा धरला की राखणीला माणसे आणि कुत्री असतात. उन्हाळ्यात सड्यावरचे गवत वाळलेले असते आणि कोणी टाकलेल्या एका थोटकाने शेजारच्या बागेपर्यंत वणवा पोहोचतो. माझी कळकळीची विनंती आहे की ग्रामपंचायतीचे रस्ते, देवळाच्या वाटा आणि साकव खुशाल सांगावेत, पण आवारातल्या पाऊलवाटा नकाशावर चढवू नयेत.

परदेशस्थ

@बागायतदार, तुमचे म्हणणे रास्त आहे, तरी एक शंका आहे. पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या वाटेवर लोकांचा काही हक्क असतो ना?

महसुली

@परदेशस्थ, वहिवाटीच्या वाटेला कायद्याचे संरक्षण आहे. तिच्यावर कोणी अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार शेतकऱ्याला शेजारच्या जमिनीच्या हद्दीवरून रस्ता मिळू शकतो. परंतु या तरतुदींमागचा हेतू शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोहोचता यावे हा आहे. त्यांच्या आधारे बाहेरून आलेला सायकलस्वार कोणाच्या बागेतून हक्काने जाऊ शकेल, असा अर्थ काढू नये. गावाच्या नकाशात दाखवलेले रस्ते, जिल्हा परिषदेचे ग्रामीण मार्ग आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले रस्ते निःशंकपणे वापरावेत. इतरत्र विचारून जावे. विचारल्यावर कोकणात नकार क्वचितच मिळतो, हेही तितकेच खरे आहे.

सातवीण

@बागायतदार, तुमची विनंती मला पूर्ण मान्य आहे. मी माझ्या वाटा कधीही नकाशावर चढवत नाही. या धाग्यावरही पद्धत सांगितली आहे ती याच कारणासाठी. गावात विचारून गेलेल्या माणसाला रस्ता मिळतो आणि शिवाय पाणीही मिळते.

चिपळूणचा

वाशिष्ठीविषयी कोणी विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहितो. चिपळूणहून गोवळकोटला जाऊन तिथला किल्ला आणि धक्का पाहावा, मग दक्षिण तीराच्या गावांतून मालदोलीच्या बाजूला जावे. गुहागरचा मुख्य रस्ता गजबजलेला आहे, खाडीकडे उतरणारे रस्ते शांत आहेत. मात्र ते सलग नाहीत. एका गावात उतरायचे आणि पुढच्या गावासाठी पुन्हा वर चढायचे, असे बऱ्याचदा होते. चौदा वर्षांच्या मुलीची चढांची सवय पाहूनच ठरवावे.

आणखी एक महत्त्वाची सूचना. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि मालदोलीच्या बाजूला लोक होडीतून त्या मुद्दाम पाहायला जातात. ओहोटीला त्या चिखलावर पहुडलेल्या असतात. घाम आला म्हणून खाडीत पाय सोडून बसू नये, मुलांना तर पाण्याजवळ अजिबात सोडू नये. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर शहरात आणि नदीपात्रात गाळ काढण्याची कामे झाली. अशी कामे चालू असली की काठच्या रस्त्यांवर डंपर असतात, तेही विचारून घ्यावे.

सुरंगी

ऋतूविषयी थोडे. डिसेंबरची निवड उत्तम आहे. ऑक्टोबरात उकाडा फार असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हवा चांगली असते, मात्र खोऱ्यांमध्ये सकाळी दाट धुके पडते. धुक्यात मागे लाल दिवा लावल्याशिवाय निघू नये, रस्ता कितीही ओसाड असो. गणपतीत आणि शिमग्यात गावचे रस्ते चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरून जातात, तेव्हा सायकल-भ्रमंतीचा बेत करू नये. शिमग्यात पालख्या पाहायला मात्र जरूर यावे, तेव्हा सायकल घरी ठेवून यावे. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा किनाऱ्यावर गर्दीचा असतो, आतल्या खोऱ्यांत त्याची झळ कमी पोहोचते.

एक आठवण सांगते. वालावलजवळ चढावर मी सायकल हाताने नेत होते, तेव्हा एका आजींनी अंगणातून हाक मारून विचारले, "गो बाय, गाडी मोडली काय तुझी?" मोडली नाही, मुद्दामच अशी फिरते, असे सांगितल्यावर त्यांनी आत नेऊन कोकमचे सरबत दिले आणि पुढच्या गावातल्या भाचीचे घरही सांगितले. खोऱ्यांमधून फिरताना मुक्कामाची सोय बऱ्याचदा अशीच होते. तरी कुटुंब बरोबर असताना दोन दिवस आधी घरगुती निवासात फोन केलेला बरा, कारण लहान गावांत स्वयंपाकाचे सामान आयत्या वेळी मिळत नाही.

दर्याफिरस्ता

मी सुरुवातीला सागरी मार्गाची बाजू घेतली होती आणि अजूनही घेतो. मात्र पाटबंधारे आणि सातवीण यांचे प्रतिसाद वाचून एक विचार मनात आला, तो मांडतो. रेवस ते रेड्डी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल होणार आहेत आणि काहींची कामे सुरूही झाली आहेत. पूल झाले की गावकऱ्यांची मोठी सोय होईल, रुग्णाला रात्री-अपरात्री पलीकडे नेता येईल आणि त्याला कोणीही विरोध करू नये. पण त्यानंतर फेरीबोटीच्या धक्क्यांकडे जाणारे आजचे शांत रस्ते बदलतील. काही हमरस्ते होतील, काही अगदीच ओस पडतील. जे ओस पडतील ते सायकलींसाठी राखता येतील का, याचा विचार त्या त्या ग्रामपंचायतींनी आत्ताच केला, तर परदेशस्थ म्हणतात तसे काहीतरी आपल्या पद्धतीने उभे राहू शकेल. धक्क्यावरची एखादी होडी सायकली पलीकडे नेण्यासाठी चालू राहिली, तर ती चालवणाऱ्या तांडेलालाही काम मिळेल.

पाटबंधारे

@दर्याफिरस्ता, हा मुद्दा लाखमोलाचा आहे. जुना रस्ता बाजूला पडला की दोन-तीन पावसांत मोऱ्या तुंबतात, डांबर उखडते आणि मग तो दुरुस्त करायला पैसा उरत नाही. रस्त्यावरची वाहतूक कमी झाली तरी गटारे आणि मोऱ्या दरवर्षी मेअखेर साफ होत राहिल्या तर तो सायकलींसाठी अनेक वर्षे टिकतो. खर्च फार नाही, पण तो कोणाच्या तरी अंदाजपत्रकात आला पाहिजे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. आम्ही कर्लीचे खोरे निवडले आहे. रस्ता सपाट, स्थानक जवळ आणि मुलीला धामापूरचा तलाव पाहायचा आहे. मार्चच्या आधी मी आणि पत्नी दोघेच सातवीण यांच्या पद्धतीने मुचकुंदीचे खोरे पाहू. बागेतल्या वाटा नकाशावर चढवणार नाही, हा शब्द बागायतदार यांना देतो.

आता दोन अडचणी उरल्या. सायकली रेल्वेने कशा न्याव्यात? आणि आमच्या सायकलींना सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढे 38 दात्यांची आणि मागे 28 दात्यांची चकती आहे, तेवढे पुरेल का?

तिठा

गिअर पुरणार नाही. सामानासह सड्याचा चढ चढायचा तर पुढची चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान हवी, निदान तिच्याएवढी तरी. मागे 34 किंवा 36 दात्यांची बसवता येते का ते दुकानात विचारा आणि पुढची शक्य असल्यास 30 च्या आसपास घ्या. टायर किमान 40 मिलिमीटर रुंदीचे ठेवा, कारण खोऱ्यांतल्या रस्त्यांच्या कडा तुटलेल्या असतात आणि समोरून एसटी आली की खाली उतरावेच लागते. ब्रेकच्या गाद्या नव्या घालून निघा. उतारावर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते, तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबू नये हे मुलीला आधीच शिकवून ठेवा.

चिपळूणचा

रेल्वेचे सांगतो. सायकल ब्रेकव्हॅनमधून न्यायची तर पार्सल कार्यालयात आधी नोंदवावी लागते. हे कार्यालय प्रत्येक स्थानकावर नसते आणि लहान स्थानकांवर गाडी इतका कमी वेळ थांबते की सामान उतरवणे अवघड जाते. कुडाळला तुमच्या गाडीतून सायकली उतरवून मिळतील का, हे निघण्याच्या स्थानकावरच पक्के करून घ्या. मुख्य स्थानकावर एक दिवस आधी सायकली देऊन ठेवलेल्या बऱ्या. चाकांतली हवा थोडी कमी करा, हँडल आडवे वळवून बांधा आणि पिशव्या मात्र स्वतःबरोबर डब्यात ठेवा.

माहेरवाशीण

दादा, कर्लीची निवड केलीत याचा आनंद झाला. पहिल्या दिवशी कुडाळहून निघायला उशीर झाला तर वालावललाच मुक्काम करा, पुढे जाण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी चेंदवण, कवठीकडे जाऊन या, आणि नेरूरपारचा पूल तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ओलांडा. धामापूरच्या तलावात उतरू नका, पाणी खोल आहे. निघण्याच्या आठवड्यात मला इथेच निरोप टाका, तोपर्यंत वाळूचे डंपर चालू आहेत की नाहीत ते माझा भाऊ गावात विचारून ठेवेल.